पालक म्हणून सही कुणाची?

म्हैसूरच्या अग्रहारात देवळं दाट आणि गल्ल्या अरुंद. राजवाडा इथून हाकेच्या अंतरावर. दसऱ्याच्या दहा दिवसांत बाहेरगावच्या गाड्या आमच्या दारापर्यंत येऊन उभ्या राहतात, आणि त्यांतल्या एमएच पाट्या मी सवयीनं मोजत बसतो. राजवाडा, चामुंडी, वृंदावन झालं की ही मंडळी कूर्गला निघतात. वाटेत हुणसूर, मग पिरियापट्टण, मग बैलकुप्पे. म्हैसूरपासून ऐंशीएक किलोमीटर. तिथल्या सुवर्णमंदिरात अर्धा तास, बाहेर एक प्लेट मोमो, पोरांसाठी लोकरीची टोपी, आणि गाडी पुढं मडिकेरीला. कोल्हापूरहून आलेले माझेच नातेवाईक असेच जातात. परत आल्यावर सांगतात, ‘काय हो, कर्नाटकात अख्खं तिबेट वसवलंय!’

वसवलंय हे खरं. पण ज्या कोल्हापुरातून ही माणसं येतात, तिथंही एकदा असंच परकं गाव वसलं होतं, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं. गांधीनगरला लग्नाचा बस्ता बांधायला आमच्या तीन पिढ्या गेल्या. घाऊक कापडाची दुकानं, सिंधी व्यापारी, गाद्यांवर पसरलेल्या साड्या. त्या जागेवर १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या सुमारे पाच हजार माणसांची छावणी होती, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. पुढं म्हैसूरला आलो, बैलकुप्प्याला येणंजाणं वाढलं, आणि दोन्ही ठिकाणच्या मुलांच्या गोष्टी शेजारी ठेवून पाहू लागलो. तेव्हा एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर आली. पैसा, जागा, धान्य, डॉक्टर हे सगळं कसंबसं उभं राहतं. अनेक देशांतल्या सरकारांची नि संस्थांची मोट बांधताना खरा घोळ होतो तो एका रकान्यावर. मुलाच्या अर्जावर पालक म्हणून सही कुणी करायची?

आधी कोल्हापूरचं.

सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टालिन पोलंडवर चालून आले. पूर्व भागातल्या लाखो पोलिश नागरिकांना १९४० च्या फेब्रुवारीपासून मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेण्यात आलं. जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा मॉस्कोला पोलिशांची गरज भासली. जुलैअखेर लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकाराशी करार झाला आणि कैद्यांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा कोणता, हे विचारायची सोय नव्हती. जनरल अँडर्स यांनी सोव्हिएत भूमीवर पोलिश फौज उभारायला घेतली. सुटलेली कुटुंबं उपाशीपोटी दक्षिणेकडं, फौजेच्या आसऱ्याला सरकू लागली. आया वाटेत टायफसनं गेल्या, बाप फौजेत गेले किंवा बेपत्ता झाले. अनाथालयांपुढं मुलं सोडून जाणाऱ्या बायकाही होत्या. पोटच्या पोराला अनाथ म्हटलं तर निदान पाव मिळेल, या हिशेबानं. त्या नोंदवह्यांत ‘अनाथ’ म्हणून चढलेली सगळीच मुलं अनाथ नव्हती. ही बारीकशी गोष्ट पुढं फार महाग पडली.

१९४२ च्या वसंतात आणि ऑगस्टमध्ये क्रास्नोव्होद्स्क बंदरातून कॅस्पियन ओलांडून लाखाहून अधिक पोलिश इराणच्या पहलवी बंदरात उतरले. त्यांत हजारो मुलं होती. भारताकडं येणारा एक रस्ता मात्र याआधीच उघडला होता, आणि तो खुष्कीचा होता. मुंबईतले पोलिश कॉन्सल जनरल एउगेनिउश बनासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा बनासिन्स्का यांनी मुंबईत मदत गोळा केली. किराबाई भारतातल्या पोलिश रेडक्रॉसचं काम पाहत. औषधं, कपडे, अन्न लॉऱ्यांत भरून क्वेट्टा, झाहेदान, मशहदमार्गे अश्गाबादला गेलं. लॉऱ्या रिकाम्या परत का आणायच्या? त्यांतून मुलं आणायची ठरली. दीडएकशे मुलांची पहिली तुकडी १९४२ च्या एप्रिलमध्ये मुंबईला पोचली आणि वांद्र्याला उतरली. सोबत हांका ओर्दोनूव्हना होती, वॉर्सातली नावाजलेली गायिका आणि नटी. तीही कैदेतून सुटून आलेली, क्षयानं पोखरलेली. या भटक्या मुलांवर तिनं पुढं पुस्तक लिहिलं.

या लॉऱ्यांचं मला राहून राहून कौतुक वाटतं. त्यात दानशूरपणापेक्षा चोख हिशेब होता. जाताना माल, येताना माणसं. आजच्या मदतसंस्था याला भारदस्त नाव देतील. आमच्याकडं मार्केट यार्डातल्या कुठल्याही ट्रकवाल्याला हे न शिकवता येतं.

वांद्र्याहून मुलांना कुठं ठेवायचं हा प्रश्न होताच. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी तेव्हा नरेंद्रमंडळाचे चान्सलर होते आणि लंडनच्या युद्धमंत्रिमंडळात हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून बसत. त्यांनी जामनगरजवळ बालाचडीला, समुद्रकाठच्या आपल्या उन्हाळी वाड्याजवळ, मुलांसाठी जागा दिली. खर्चाला इतर संस्थानिक, उद्योगपती आणि सामान्य देणगीदार पुढं आले. ‘भले महाराज’ म्हणून वॉर्सात आज त्यांच्या नावाचा चौक आहे, आणि तो मान त्यांचा हक्काचाच. पण एका राजाची गोष्ट सांगायला सोपी, म्हणून बाकीचे नेहमी मागं पडतात. वाळवंटातून लॉऱ्या हाकणारे हिंदी ड्रायव्हर, दिल्लीत बसून दर माणशी खर्चाचे तक्ते करणारे निर्वासित-अधिकारी कॅप्टन वेब, परवान्यांसाठी खेटे घालणाऱ्या किराबाई. युद्ध संपल्यावर किराबाई पोलंडला परतल्याच नाहीत. त्या भारतातच राहिल्या.

एवढ्यानं भागण्यासारखं नव्हतं. इराणात अडकलेली माणसं हजारोंनी होती, आणि ब्रिटिशांना तिथून ती हलवायची होती. मग जगाचा नकाशा पसरून वाटणी सुरू झाली. पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिका, युगांडा, केनिया, ऱ्होडेशियात सर्वांत जास्त. मेक्सिकोनं लिओन गावाजवळची सांता रोसा नावाची जुनी हवेली देऊ केली. खर्चाचा भार बराचसा अमेरिकेवर. तिकडं जाणारी माणसं मुंबई बंदरातूनच बोटीत चढली. न्यूझीलंडचे पंतप्रधान पीटर फ्रेझर यांनी ७३३ मुलं बोलावली. तीही मुंबईहूनच, सैनिकांना घरी नेणाऱ्या अमेरिकन बोटीतून, १ नोव्हेंबर १९४४ ला वेलिंग्टनला पोचली. कराचीत संक्रमण छावण्या होत्या. आणि हिंदुस्थानातली सर्वांत मोठी कायम छावणी कोल्हापूरजवळ, मिरज-कोल्हापूर रेल्वेलाइनच्या कडेला, पंचगंगेच्या पट्ट्यात, वळिवड्याला.

जून १९४३ मध्ये पहिली गाडी वळिवड्याला लागली, तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर कोण होतं? राजाराम महाराज १९४० मध्ये वारले होते. त्यांच्या मागं ताराबाई राणीसाहेबांनी दत्तक घेतलेले बाल शिवाजी महाराज १९४२ मध्ये गादीवर बसले. जन्म नोव्हेंबर १९४१ चा. म्हणजे परक्या मुलांची छावणी ज्या संस्थानाच्या भूमीवर उभी राहिली, त्याचे छत्रपती तेव्हा जेमतेम दीड वर्षाचे होते, स्वतः दत्तक होते, आणि त्यांच्या वतीनं राज्याच्या कागदांवर सह्या वडीलधारे करत होते. हे मूल १९४६ च्या सप्टेंबरात, पाच वर्षांचंही न होता, गेलं. छावणी तेव्हा चालूच होती.

वळिवड्याची छावणी म्हणजे तंबूंचा गोंधळ नव्हता. चटईच्या भिंती, कौलारू छपरं, ओळीनं लांबलचक बराकी. प्रत्येक कुटुंबाला दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा, पुढं पडवी. पुरुष कमी, कारण ते अँडर्सच्या फौजेबरोबर इराक, पॅलेस्टाइन, मग इटलीला गेले होते. त्यांतले कित्येक १९४४ च्या मेमध्ये मोंते कासिनोच्या चढावर पडले, आणि ती खबर पंचगंगेकाठच्या बराकीत पत्रानं आली. छावणीत प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, धंदेशिक्षण, इस्पितळ, चर्च, नाटकगृह, पोस्ट, सहकारी दुकान, बालवीरांची पथकं. कमांडंट व्लादिस्लाव यागिएओविच हे कॅप्टन. पैसे लंडनच्या पोलिश सरकारचे, म्हणजे ब्रिटिशांनी त्याला दिलेल्या कर्जाचे. बालाचडी मुख्यतः दानावर चाललं आणि वळिवडं सरकारी खात्यावर. मुलांना हा फरक दिसायचं कारण नव्हतं. तो कळला १९४५ मध्ये.

क्षयाची लागण झालेली मुलं पाचगणीला धाडली जात. हवा चांगली, आणि दवाखान्यांची सोय आधीपासूनची. काही मुलींना तिथल्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं. भाजीवाले, अंडीवाले छावणीच्या दारात येऊन कामापुरतं पोलिश बोलू लागले, अशा आठवणी तिथं वाढलेल्या मुलांनी म्हातारपणी लिहून ठेवल्या आहेत. करवीरच्या भाजीवालीनं गिऱ्हाइकाची भाषा उचलावी यात मला तरी नवल वाटत नाही. एका पोलिश मुलीनं कोल्हापूरकराशी लग्न केलं आणि ती तिथलीच झाली. बाकीच्यांपैकी जे इथंच मेले, त्यांची थडगी कोल्हापुरातल्या दफनभूमीत आहेत.

आता सहीकडं येतो.

छावणीतल्या ज्या मुलांची आई सोबत होती, त्यांचा प्रश्न नव्हता. एकट्या मुलांच्या वतीनं बोलायचं कुणी? करारानुसार पोलिश सरकार. पण कुठलं? एप्रिल १९४३ मध्ये कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांच्या कबरी उघड झाल्यावर स्टालिननं लंडनच्या पोलिश सरकाराशी संबंध तोडले. त्यासरशी रशियात राहिलेल्या मुलांचा बाहेर पडायचा रस्ता बंद झाला. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनंही लंडन सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या कम्युनिस्टप्रणीत सरकारला दिली. एका तारखेला वळिवड्याचं बिल भरणारं सरकार कागदावरून नाहीसं झालं. शिक्षकांचे पगार कुणी द्यायचे, इथपासून गोंधळ. १९४६ मध्ये छावण्या संयुक्त राष्ट्रांच्या ‘अन्रा’ या मदतसंस्थेकडं गेल्या, पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडं.

‘अन्रा’चं धोरण साधं होतं: बेवारस मुलांना मायदेशी परत पाठवायचं. यात दुष्टपणा नव्हता. पोलंडमध्ये खरोखरच आया, आज्या, मावश्या आपली पोरं शोधत होत्या. नोंदवहीत ‘अनाथ’ लिहिलेल्या मुलाचा बाप जिवंत सापडल्याची उदाहरणं होती. पण यातल्या बहुतेक मुलांचं गाव ज्या पूर्व पोलंडात होतं, तो भाग आता पोलंडात उरलाच नव्हता. ल्वूव शहर सोव्हिएत युक्रेनमध्ये गेलं होतं. ज्या राजवटीनं आईला मालगाडीत घातलं, तिच्या मांडलिकाकडं मुलाला ‘घरी’ म्हणून पाठवायचं? बालाचडीत मुलांची देखभाल करणारे फादर फ्रांचिशेक प्लूता या कल्पनेनं हादरले.

त्यांनी काढलेला मार्ग असा: बालाचडीतल्या अनाथ मुलांना दत्तक घ्यायचं. दत्तकपत्रावर पालक तिघं. जामसाहेब, स्वतः फादर प्लूता, आणि ब्रिटिश संपर्क अधिकारी जेफ्री क्लार्क. एक हिंदू राजा, एक कॅथलिक पाद्री, एक इंग्रज अधिकारी, आणि शेकडो पोलिश मुलं. हिंदू कायद्यानं दत्तक जातीबाहेरचा घेता येत नसे, कॅथलिक पाद्र्याला संसार नाही, आणि इंग्रज साहेब उद्या बोटीनं घरी जाणार. वकिलानं हसून बाजूला ठेवावा असा कागद. तरी तो चालला. संस्थानात राजाची सही हाच कायदा होता, आणि ज्याला तो रद्द करायचा होता त्याला आधी दिल्ली, लंडन आणि जामनगर यांना एका टेबलावर आणावं लागलं असतं.

मराठी माणसाला दत्तकपत्राची ताकद नव्यानं सांगायला नको. दत्तक नामंजूर म्हणून १८४८ मध्ये साताऱ्याची गादी गेली, पाठोपाठ झाशी. नंतर तोच कागद संस्थानिकांनी इंग्रजांकडून मान्य करून घेतला. जामसाहेब स्वतः काका रणजितसिंहजींनी वारस नेमलेले पुतणे. वारशाचा कागद काय करू शकतो हे त्यांना पुस्तकातून शिकायला लागलं नव्हतं. बालाचडीच्या या दत्तकपत्राकडं लोक भाबड्या मायेचा दाखला म्हणून बघतात. मला ते त्या काळच्या हिंदुस्थानातलं फार धूर्त आणि फार उपयोगी राजकारण वाटतं. माया होतीच, मायेला स्टँपपेपर जोडायची अक्कल होती, हे जास्त महत्त्वाचं.

१९४६ मध्ये बालाचडी बंद होऊन उरलेली मुलं वळिवड्याला आली. १९४८ च्या सुरुवातीला वळिवडंही रिकामं झालं. कुणी पोलंडला, कुणी फौजेतल्या बापाच्या मागं इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, आणि बरेचसे ‘तात्पुरते’ म्हणून आणखी एका छावणीत, पूर्व आफ्रिकेला. बराकींना फार काळ कुलूप राहिलं नाही. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं तिथं उतरवली गेली. गांधीनगर ते असं.

आफ्रिकेतला शेवट कडवट झाला. टांगानिकातल्या तेंगेरू छावणीतली सव्वाशेच्या आसपास पोलिश मुलं १९४९ मध्ये इटलीमार्गे कॅनडाला नेली गेली. वॉर्सा सरकारनं संयुक्त राष्ट्रांत ओरड केली की आमची मुलं पळवली. मुलांना नेणारे पाद्री म्हणाले, आम्ही वाचवली. निर्वासित संघटनेचे अधिकारी मधल्या मध्ये. तिथं जामसाहेबांसारखा सहीचा धनी कुणी नव्हता, त्यामुळं सगळ्यांनीच आपापल्या सह्या केल्या.

एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ‘अन्रा’ गुंडाळताना तिचा उरलेला पैसा मुलांसाठी वापरावा, असा आग्रह धरून ११ डिसेंबर १९४६ ला युनिसेफ उभी करण्यात पुढाकार होता तो पोलिश डॉक्टर लुडविक रायख्मान यांचा. ते पहिले अध्यक्षही झाले. मुलांच्या हक्कांचा जागतिक करारनामा करावा, हा प्रस्ताव १९७८ मध्ये मांडला तोही पोलंडनंच. करार १९८९ मध्ये झाला आणि भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. आणि युद्धातल्या अनाथांसाठी स्वित्झर्लंडमध्ये त्रोगेनला १९४६ मध्ये पेस्तालोत्सी बालग्राम निघालं, त्यात पोलिश मुलांचंही घर होतं. या त्रोगेनकडं आता तिबेटी वाटेनं जायचं आहे.

मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला आणि दलाई लामा भारतात आले. मागोमाग हजारो माणसं. आसामात मिसामारी आणि बंगालात बक्सा इथल्या छावण्यांतून त्यांना हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर धाडलं गेलं. आईबाप खडी फोडत, आणि मुलं रस्त्याच्या कडेला झोपत. सवय नसलेली हवा, आमांश, क्षय, दरडी. १७ मे १९६० ला जम्मूच्या रस्त्यांवरच्या छावण्यांतून एकावन्न आजारी मुलं धरमशाळेला आणली गेली. दलाई लामांच्या थोरल्या बहीण त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांच्यासाठी बालगृह काढलं. त्या १९६४ मध्ये वारल्यावर धाकट्या बहीण जेत्सुन पेमा यांनी ते हाती घेतलं आणि चाळीस वर्षांहून अधिक चालवलं. आजचं ‘तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज’ ते हेच. त्याची एक मोठी शाळा बैलकुप्प्याला आहे.

बैलकुप्प्याची जमीन म्हैसूर राज्याची. नेहरूंनी राज्यांना विचारलं, कोण जागा देतं? म्हैसूरनं पिरियापट्टण तालुक्यातलं सुमारे तीन हजार एकर जंगल भाडेपट्ट्यानं देऊ केलं. तिबेटी मंडळी याचं श्रेय निजलिंगप्पांना देतात, आणि पुढं मुंडगोडसारख्या वसाहतींच्या काळात ते मुख्यमंत्री होतेच. पण १९६० मध्ये खुर्चीवर बी. डी. जत्ती होते, जमखंडी संस्थानात कारभार केलेले आणि कोल्हापुरात कायदा शिकलेले. कृतज्ञतेच्या इतिहासात जत्तींच्या वाट्याला थोडं कमीच आलं, एवढं कोल्हापूरकर म्हणून नोंदवून ठेवतो.

१९६० च्या अखेरीपासून तिबेटी कुटुंबं इथं येऊ लागली. याकपालनावर जगलेल्या माणसांना हत्तींचं रान तोडून मका लावायचा होता. स्विस सरकारचे शेतीतज्ज्ञ आले, युरोपातल्या चर्चसंस्थांचा पैसा आला, भारत सरकारचं खातं होतं, धरमशाळेचं कार्यालय होतं, राज्याचं महसूल खातं होतं. कोण ट्रॅक्टर देतं, कोण विहीर खणतं, आणि दोघांनी एकाच शेतात विहीर तर नाही ना खणली? हे बघायला १९६८ मध्ये एक संस्था निघाली, ‘म्हैसूर रीसेटलमेंट अँड डेव्हलपमेंट एजन्सी’, म्हणजे मायराडा. तिबेट्यांचं बस्तान बसल्यावर ही संस्था कन्नड खेड्यांकडं वळली. मोठ्या सहकारी सोसायट्या बुडू लागल्या तेव्हा तिनं १९८४-८५ च्या सुमारास बायकापुरुषांचे छोटे पतगट बांधले, त्यांना नाबार्डनं बळ दिलं, आणि त्याच प्रयोगातून देशभरच्या बचत गटांना वाट मिळाली. महाराष्ट्रातल्या गावोगावी दर महिन्याला बायका ज्या वहीत वर्गणी मांडतात, तिचं एक मूळ या तिबेटी पुनर्वसनात आहे. मदतकामाचे परिणाम कुठून कुठं जातात याचं गणित कुठल्याच प्रकल्प-अहवालात मावत नाही.

मुलांच्या बाबतीत नेहरूंनी एक गोष्ट सुरुवातीलाच ओळखली. तिबेटी मुलांसाठी वेगळ्या शाळा, त्यात तिबेटी भाषा आणि आधुनिक शिक्षण दोन्ही, आणि खर्च भारत सरकारचा. १९६१ मध्ये शिक्षणखात्याखाली त्यासाठी स्वायत्त मंडळ झालं. पैसा देणाऱ्यानं मुलांवर हक्क सांगितला नाही. वळिवड्यातही पोलिश शाळेत पोलिशच शिकवलं गेलं. दोन्हीकडं हे जमलं, कारण मुलं समूहात राहिली.

समूहातून उचललेल्या मुलांचं काय झालं, हे स्वित्झर्लंडमध्ये दिसतं. १९६० च्या अखेरीस त्रोगेनच्या बालग्रामात वीस तिबेटी मुलं गेली. तिथं तिबेटी घर होतं, तिबेटी पालक होते. त्याच सुमारास शार्ल एशिमान या स्विस उद्योजकानं वेगळी मोहीम काढली. १९६१ ते १९६४ या काळात दीडशेहून अधिक तिबेटी मुलं विमानानं नेऊन एकेकट्या स्विस कुटुंबांत ठेवली गेली. एक त्यानं स्वतःच्या घरी ठेवलं. हेतू उदार. दलाई लामांची संमती. शिकून मोठी झाली की ही मुलं आपल्या समाजाच्या कामाला येतील, हा धरमशाळेचा विचार. आपल्याला मूल मिळालं, ही काही स्विस घरांची समजूत. एकाच कागदाचे दोन अर्थ. आणि यातल्या अनेक मुलांचे आईबाप किंवा दोहोंपैकी एक जण भारतात जिवंत होता, रस्त्यावर खडी फोडत होता. अर्धशतकानंतर त्या मुलांपैकी काहींनी तोंड उघडलं, स्विस वृत्तपत्रांत लिहून आलं, २०१३ मध्ये माहितीपट निघाला. त्यात सुखानं वाढलेले आहेत, मोडलेलेही आहेत. आईला भेटले तेव्हा बोलायला भाषाच उरली नव्हती, असं सांगणारे आहेत. अश्गाबादच्या नोंदवहीतला ‘अनाथ’ हा शब्द इथं वेगळ्या कपड्यांत परत आला होता.

भारतानं यातून काही शिकायला दोन दशकं घेतली. मुलं परदेशी दत्तक देण्यातल्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलानं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी त्यावर सविस्तर नियम घालून दिले. आधी देशात घर शोधा, जन्मदात्यांची संमती समजून-उमजून घेतलेली असू द्या, परदेशी कुटुंबाचा अहवाल तिथल्या मान्य संस्थेकडून येऊ द्या. केंद्रीय दत्तक यंत्रणा यातूनच निघाली. हे नियम किचकट आहेत, वर्षं खातात, आणि वाट पाहणारी जोडपी वैतागतात. त्रोगेनची नि एशिमानची मुलं शेजारी ठेवून पाहिली की मला तो किचकटपणा फारसा खुपत नाही.

बैलकुप्प्यात आज परदेशी पैसा येतो तो बहुतेक ‘स्पॉन्सर’च्या रूपानं. जर्मनी, अमेरिका, जपानमधलं कुणी एका मुलाच्या शिक्षणाचा खर्च उचलतं. वर्षातून पत्र, गुणपत्रक, फोटो. मूल आपल्या लोकांत राहतं, आणि पालक म्हणून सही शाळेची किंवा आईबापांची असते. देणाऱ्याचा हक्क पत्रापुरता. याला नावं ठेवणारेही आहेत: मुलाला दरवर्षी आभाराचं पत्र लिहायला लावणं हेही एक प्रकारचं ऋण, आणि फोटोत गोड दिसणाऱ्या मुलाला दाता लवकर मिळतो. आक्षेप खरे आहेत. त्यात आणखी एक सरकारी गाठ. परदेशी माणसाला बैलकुप्प्यात राहायला संरक्षित क्षेत्राचा परवाना लागतो आणि तो दिल्लीहून येतो. दहा वर्षं ज्या मुलीची फी भरली, तिला भेटायला आलेली बाई परवान्याअभावी वसाहतीबाहेर, कुशालनगरच्या हॉटेलात राहते आणि मुलीला तिथंच बोलावते, असं इकडचे लोक सांगतात. आपण मराठी माणसं मात्र विनापरवाना आत शिरतो आणि मोमो खाऊन बाहेर पडतो.

वसाहतीतली मुलं आता कमी झाली आहेत. २००८ नंतर तिबेटातून सीमा ओलांडून येणारे जवळपास थांबले, आणि इथली तरुण पिढी बंगळूर, न्यूयॉर्क, टोरांटो, पॅरिसला निघाली. कोल्हापूर-वळिवड्याची आठवण ठेवणारं स्मारक वॉर्सात २०१७ पासून आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली तेव्हा आमच्या कोल्हापुरात दोन दिवस त्याच गप्पा होत्या. महावीर उद्यानातला पोलिशांचा स्तंभ १९९८ चा. त्याच्या बाजूनं रोज सकाळी शेकडो लोक फिरतात.

बैलकुप्प्यातल्या मुलांच्या सहीचा प्रश्न मात्र अजून चालू आहे. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळं तिबेटी माणूस कायद्याच्या भाषेत निर्वासित नाही, परदेशी आहे. मूल सोळा वर्षांचं झालं की त्याला नोंदणी प्रमाणपत्र काढावं लागतं, ज्याला इथं सगळे ‘आरसी’ म्हणतात, आणि ते ठरावीक मुदतीनं नवं करत राहावं लागतं. नागरिकत्व कायद्यानं २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच भारतीय. तरी सरकारी कचेऱ्या तिबेट्यांना पासपोर्ट देत नव्हत्या. २०१० च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं एका तिबेटी मुलीच्या बाजूनं निकाल दिला, तेव्हा वाट मोकळी होऊ लागली. त्यातही पुढं अटी आल्या: आरसी परत करा, वसाहतीतले लाभ सोडा.

म्हणजे इथल्या एखाद्या घरात १९८६ मध्ये जन्मलेला थोरला भाऊ कायद्यानं भारतीय, आणि दोन वर्षांनी त्याच इस्पितळात जन्मलेली धाकटी बहीण, आईबापांपैकी कुणीही भारतीय नसेल तर, परदेशी. आई दोघांची एकच, मक्याचं शेतही एकच. तिच्या मुलांचं काय, हे ठरवायला आई, बाप आणि २००४ ची दुरुस्ती अशी तिन्ही कागदपत्रं लागतात. पिरियापट्टणच्या कचेरीत अशी माणसं फाइल घेऊन उभी असतात. मागच्या खेपेला माझ्यापुढं रांगेत उभ्या असलेल्या बाईनं मला हिंदीत विचारलं, ‘आप का भी आरसी है?’ मी नाही म्हटल्यावर तिनं मला आपल्या पुढं घातलं. माझं काम सात-बाऱ्याचं होतं, आणि ते पाच मिनिटांत झालं.